समुद्रयान व परत आलेल्यांचा संग्रह

रघुनाथराव दादासाहेबांनीं विलायतेस पाठविलेले वकील परत आल्यावर त्यांस सोन्याच्या योनींतून बाहेर काढून शुद्ध करून घेतलें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कानांवर आलेली असेल. परदेशगमनाचा वाद निघाला कीं ही आख्यायिका दोन्ही पक्षांकडून पुढें केली जाते. एक पक्ष तिजवरून पूर्वजांचा हटवादीपणा सिद्ध करितो. दुसरा म्हणतो, पहा, प्रायश्चित्त देऊन लोक परत घेतले जातच होते. मूळ लेख मात्र नीट वाचला असतां त्याचा अर्थ दोन्ही पक्षांस सारखाच गैरसोयीचा आहे असें आम्हांस वाटतें, व तो कसा हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या गोष्टीचा आधार म्हणजे कॅप्टन फ्रान्सिस विल्फर्ड याचा कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडांतील (इ. स. १७९९) निबंध. विल्फर्डचें म्हणणें असें कीं, रघुनाथरावांनीं दोन ब्राह्मण वकील इंग्लंडास पाठविले. ते सुएझपर्यंत समुद्रानें गेले, परंतु परत येतांना इराणच्या खुष्कीच्या मार्गानें आले व त्यामुळें त्यांस सिंधु नदी ओलांडावी लागली. स्वदेशीं आल्यावर त्यांजवर बहिष्कार पडला. म्लेंच्छांच्या मुलुखांत राहून शास्त्रोक्त आचार पाळणें अशक्यच, हा त्यांजवर एक आक्षेप. त्यांनीं अटक ओलांडली, हा दुसरा. ठिकठिकाणचे विद्वान् जमून पुष्कळ सभा झाल्या. रघुनाथरावांच्या वजनाचा कांहीं उपयोग झाला नाहीं. शेवटीं सभेनें असें ठरविलें कीं, या गृहस्थांचें शील चांगलें आहे व ते केवळ आपल्या देशाच्या हिताकरितां दूरदेशीं गेले होते, सबब त्यांस पुनर्जन्म देऊन पुन्हां संस्कार करावे. पुढें सुवर्णाची योनि, तींतून निर्गमन, ब्राह्मणांस अपार दक्षिणा, आणि पंक्तिव्यवहार.

आतां हा पुरावा कितपत धरावा? विल्फर्डच्या पदरच्या पंडितानें त्यास बनावट पौराणिक उतारे पुरविले होते, व ही फसवणूक विल्फर्डनें स्वतःच त्याच ग्रंथमालेच्या आठव्या खंडांत (इ. स. १८०५) कबूल केली आहे. शिवाय तपशिलांतही चूक आहे. वकील दोघे ब्राह्मण नव्हते. मुख्य वकील हणमंतराव हा ब्राह्मण. त्याचा सोबती मणियार हा पारशी होता. इ. स. १७८१ मध्यें हे दोघे लंडनांत असतां त्यांचे फार हाल झाले, तेव्हां प्रसिद्ध मुत्सद्दी एडमंड बर्क यानें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें, आणि हणमंतरावास स्वयंपाक व आन्हिक स्वतंत्रपणें करतां यावें म्हणून बागेंतलें काचगृह मोकळें करून दिलें. पारशास सुवर्णयोनीचें प्रयोजन काय? दक्षिणेविषयींही शंका येते. सालबाईच्या तहानें (इ. स. १७८२) रघुनाथराव दरमहा पंचवीस हजारांचे नेमणूकदार झाले, कोपरगांवीं जाऊन राहिले आणि दुसऱ्याच वर्षीं वारले. अशा मनुष्यानें सुवर्णाचे ढीग वांटले हें पचनीं पडत नाहीं. विधि मात्र अगदींच काल्पनिक नाहीं. षोडश महादानांत हिरण्यगर्भ नांवाचें दान मत्स्यपुराणांत सांगितलें आहे, व त्रावणकोरचे राजे तें करीत असत. त्या दानाचीच छाया या कथेवर पडली असावी.

एवढी कसर वजा घालूनही एक गोष्ट शिल्लक राहते, व आमच्या मतें तीच मोलाची आहे. विल्फर्डला ही हकीकत ज्यानें सांगितली त्यानें दोषांच्या यादींत समुद्राचें नांवच घेतलें नाहीं. परकीयांत वास आणि अटकेचें उल्लंघन, एवढेच दोन दोष सांगितले. गंमत अशी कीं, ज्या रघुनाथरावांच्या वकिलांवर अटक ओलांडल्याचा आरोप, त्यांच्याच फौजा इ. स. १७५८ मध्यें अटकेस जाऊन पोंचल्या होत्या व त्या पराक्रमाचा अभिमान आजही कोणी सोडीत नाहीं. तेव्हां दोष पाण्याचा होता कीं दुसऱ्या कशाचा, हें ठरविण्यास शास्त्रग्रंथांकडे वळलें पाहिजे.

बौधायन धर्मसूत्रांत समुद्रसंयान दोन ठिकाणीं येतें. प्रथम, उत्तरेकडील शिष्टांचे जे विशेष आचार सांगितले आहेत, त्यांत लोंकर विकणें, शस्त्रांचा व्यापार इत्यादींबरोबर समुद्रानें जाणें हेंही आहे. म्हणजे सूत्रकाराच्या काळीं ब्राह्मण समुद्रावर जात होते, हें तोच सांगतो. दुसऱ्या प्रश्नांत मात्र पतनीय कर्मांच्या यादींत हें कर्म अगदीं आरंभीं घातलें असून त्यास तीन वर्षांचें प्रायश्चित्त दिलें आहे: चौथ्या भोजनकाळीं मित आहार, त्रिकाळ स्नान, दिवसा उभें राहणें, रात्रीं बसून काढणें. टीकाकार गोविंदस्वामी समुद्रसंयान शब्दाचा अर्थ नावेनें दुसऱ्या द्वीपास जाणें असा करितो. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं प्रायश्चित्त आहे, आणि तें संपल्यावर मनुष्य मोकळा होतो. तोच बौधायन कलिंग, वंग, सौवीर इत्यादि देशांत जाऊन आलेल्यासही परत आल्यावर इष्टि करावयास सांगतो. त्या देशांत जाण्यास समुद्र लागत नाहीं. मनूनें समुद्रयायी ब्राह्मणास श्राद्धास बोलावूं नये असें तिसऱ्या अध्यायांत म्हटलें आहे. पण आठव्या अध्यायांत समुद्रमार्गाच्या व्यापारांतील व्याजाचा दर त्या विषयांतील जाणत्यांनीं ठरवावा असेंही तोच म्हणतो. ज्या कर्मास जाणते आहेत, व्याज आहे, तें कर्म चालू होतें हें उघड आहे.

खरा बदल कलिवर्ज्य प्रकरणानें झाला. पूर्वीं शास्त्रसंमत असलेल्या, पण कलियुगांत टाकावयाच्या गोष्टींच्या या याद्या पुराणवचनें म्हणून निबंधग्रंथांत आल्या. हेमाद्रि, माधव, कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (शके १७१२) यांनीं हा विषय घेतला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत अशीं सुमारें ५५ कलिवर्ज्यें एकत्र करून तपासलीं आहेत. समुद्रयानाविषयीं या याद्यांत जें वचन आदित्यपुराणाच्या नांवावर चालतें, त्याचें तात्पर्य असें कीं, नावेनें समुद्रावर गेलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेऊन तो शुद्ध झाला असला तरीही त्याचा संग्रह करूं नये. हा फरक बारकाईनें पहावा. प्रायश्चित्तानें पाप जातें हें वचन नाकारीत नाहीं. त्या मनुष्याचा परलोक सुटला. इहलोकीं मात्र त्यास पंगतींत जागा नाहीं. म्हणजे प्रश्न पापाचा उरला नाहीं, समाजाच्या स्वीकाराचा झाला, आणि स्वीकार करणारा कोण हें वचनानें सांगितलेंच नाहीं.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांसाठीं येथें एका पाठाचा उल्लेख करतों. बृहन्नारदीयाच्या नांवावर चालणाऱ्या यादींत कोठें ‘समुद्रयात्रास्वीकार’ असा पाठ आहे, तर कोठें ‘समुद्रयातुः स्वीकार’ असा. पहिल्यानें समुद्रयात्रा पतकरणें वर्ज्य ठरतें, म्हणजे निषेध जाणाऱ्यास आहे. दुसऱ्यानें समुद्रावर जाऊन आलेल्यास जवळ करणें वर्ज्य होतें, म्हणजे निषेध घरीं राहिलेल्यांस आहे. एका काना-विसर्गाच्या फरकानें दोष कोणाच्या दारांत जाऊन पडतो तें पहा! आदित्यपुराणाच्या वचनाशीं दुसरा पाठ अधिक जुळतो, म्हणून आम्ही त्याकडे झुकतों. एरवीं ‘पाठभेद क्षुल्लक आहे’ म्हणून संपादक जो पाठ तळटीपेंत टाकतील, त्यावर येथें कित्येकांचें घरदार अवलंबून होतें.

हा स्वीकार करणारा पूर्वीं कोण होता, याचें उत्तर आमच्या इतिहासांत आहे. नेतोजी पालकर इ. स. १६६७ च्या सुमारास बादशहाच्या हातीं सांपडून मुसलमान झाला व महंमद कुलीखान नांवानें काबूलच्या बाजूस चाकरीवर राहिला. सुमारें दहा वर्षांनीं तो पळून आला, तेव्हां इ. स. १६७६ मध्यें शिवछत्रपतींनीं त्यास प्रायश्चित्त देववून परत घेतलें. जेधे शकावलींत त्याची नोंद आहे. परधर्मस्वीकार, म्लेंच्छदेशीं दीर्घ वास, अटकेपलीकडचा प्रवास, असे तिन्ही दोष एकाच मनुष्याच्या ठायीं. म्लेंच्छांनीं बळानें नेलेल्या मनुष्यास वीस वर्षांपर्यंतही शुद्ध करून घेण्याची तजवीज देवलस्मृतींत आहे, तेव्हां शास्त्राचा आधार नव्हता असें कोणी म्हणूं नये. पण आधार ग्रंथांत असणें आणि तो कोणाच्या तरी हातून अमलांत येणें या दोन गोष्टी वेगळ्या. येथें छत्रपतींची इच्छा हा तो हात होता. हणमंतरावाच्या कथेंत रघुनाथरावांचा हात दुबळा झाला होता, म्हणूनच सभेवर सभा भरवाव्या लागल्या. तरीही सभेनें जें कारण देऊन वाट काढली तें राजकारणीच होतें: हे लोक देशाच्या कामासाठीं गेले होते.

इ. स. १८१८ नंतर हा हातच नाहींसा झाला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमानें जातीच्या प्रश्नांत कोर्टांनीं हात घालूं नये असें ठरविलें. एल्फिन्स्टनच्या या कायद्यामागें सद्धेतु असेल. परिणाम मात्र असा झाला कीं जातीच्या निर्णयावर दाद मागण्यास वर कोणी उरलें नाहीं. समुद्रयानाचा निषेध एकोणिसाव्या शतकांत जितका कडक झालेला दिसतो तितका तो अठराव्यांत नव्हता, असें आमचें मत आहे, व त्याचें मुख्य कारण हेंच. ग्रंथ तेच होते.

याचे राजकारणावर काय परिणाम झाले तें वकिलांच्या निवडीवरून दिसतें. सातारचे छत्रपति प्रतापसिंह यांस कंपनीनें इ. स. १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांच्या तर्फेनें लंडनास गेलेल्यांत मीर अफजल अल्ली हा मुसलमान वकील होता. पुढें इ. स. १८५३ मध्यें नानासाहेबांनीं आपली नेमणूक चालू ठेवण्याविषयीं बोलण्यास अजीमुल्लाखानास पाठविलें. भाषा व हुशारी हें कारण होतेंच. पण ज्यास परत आल्यावर कोणी पंगतींतून उठविणार नाहीं असा माणूस शोधणें हेंही एक कारण असावें, असा आमचा तर्क आहे. या सर्वांत ज्यानें सर्वाधिक सोसलें तो रंगो बापूजी गुप्ते. इ. स. १८४० पासून १८५३ अखेरपर्यंत तो लंडनांत राहिला. त्या मुदतींत ज्या धन्यासाठीं तो गेला तो काशीस वारला (इ. स. १८४७), आणि ज्या राज्यासाठीं भांडत होता तें डलहौसीनें १८४८ मध्यें खालसा केलें. तरी हा मनुष्य पत्रकें छापीत, डायरेक्टरांच्या सभांत आपली बाजू मांडवीत राहिला. शेवटीं कर्ज इतकें झालें कीं कंपनीनेंच तें वारून त्यास परत पाठविलें. पुढें १८५७ च्या उठावांत त्याचा मुलगा सीताराम साताऱ्यास फांशीं गेला व रंगो बापूजी स्वतः नाहींसा झाला, तो पुन्हां कोणास दिसला नाहीं.

रंगो बापूजी जातीनें चांद्रसेनीय कायस्थ प्रभु. या जातीस वेदोक्ताचा अधिकार आहे कीं नाहीं यावरून साताऱ्यास प्रतापसिंहांच्या कारकीर्दींत मोठा वाद झाला. महाराज प्रभूंच्या बाजूस, आणि सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरुद्ध बाजूस होते. आतां आदित्यपुराणाचें वचन द्विजास लागू आहे. जे प्रभूंचें द्विजत्वच मानीत नव्हते त्यांस रंगो बापूजीच्या समुद्रयानास दोष देण्याचा अधिकार उरत नाहीं, आणि जे मानीत होते ते त्याचे कैवारी होते. शास्त्र असें काटेकोर धरलें तर रंगो बापूजी निर्दोषच ठरतो. पण वादाच्या वेळीं शास्त्र काटेकोर धरण्याची कोणास सवड असते?

गुजराथेकडील दोन उदाहरणें याच इलाख्यांतलीं म्हणून थोडक्यांत सांगतों. महीपतराम रूपराम हे नागर ब्राह्मण शिक्षणखात्याच्या कामासाठीं १८६० मध्यें इंग्लंडास गेले, व परत आल्यावर कित्येक वर्षें जातीबाहेर राहिले. करसनदास मुळजी १८६३ मध्यें गेले; त्यांचीही तीच गत झाली. दोघांनींही आपले प्रवास गुजराथींत लिहून ठेविले आहेत. बंगाल्यांत या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा १८९२ च्या सुमारास झाली. राजा विनयकृष्ण देव यांनीं पंडितांचीं मतें मागविलीं, समिति नेमली व १८९४ मध्यें ती चर्चा पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. त्या वेळीं बंकिमचंद्रांनीं राजास लिहिलेलें पत्र मननीय आहे. सामाजिक सुधारणा शास्त्रवचनें काढून होत नसतात, कारण समाज शास्त्रापेक्षां लोकाचारानें चालतो, असा त्यांचा आशय होता. आम्ही आयुष्यभर शास्त्र शिकविलें, तरी हें म्हणणें आम्हांस खोडतां येत नाहीं. कारण राजेरजवाड्यांस लोकाचार नेहमींच वाट देत आला आहे. जयपूरचे माधोसिंह महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं १९०२ मध्यें विलायतेस गेले ते प्रचंड रौप्यकुंभांतून गंगोदक बरोबर घेऊनच. ते कुंभ जयपूरच्या राजवाड्यांत आजही पहावयास मिळतात.

ज्यांस रौप्यकुंभ परवडत नव्हते त्यांपैकीं आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें. इ. स. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर कॉलेजांत त्यांनीं आपण अमेरिकेस कां जातों याविषयीं व्याख्यान दिलें. त्यांचें वय तेव्हां सतरा वर्षांचें होतें. जातीबाहेर टाकतील या भयाचा विचार करून त्यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, मी हिंदु म्हणून जाईन, हिंदु म्हणून परत येईन आणि हिंदूंतच राहीन. सबंध वाद येथें उलटा झाला आहे. स्वीकार कोणी करावयाचा हा प्रश्न दुसऱ्यांच्या हातीं ठेवण्यास या मुलीनें नकार दिला. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या, तेव्हां सनातनी मंडळींची भीति अगदींच निराधार होती असेंही म्हणतां येत नाहीं. एकाच वर्षीं गेलेल्या दोन विदुषींनीं दोन भिन्न उत्तरें दिलीं. आनंदीबाई १८८६ मध्यें पेनसिल्व्हानियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतून पदवी घेऊन त्याच वर्षाअखेर परतल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेंत पोकीप्सी येथील स्मशानभूमींत आहे.

येथवर जीं नांवें आलीं तीं सर्व लेखणीवाल्यांचीं. परंतु ज्यांच्या समुद्रयानाविषयीं एकाही पंडितानें निर्णय लिहिला नाहीं, असे आमचे हजारों लोक याच शतकांत समुद्रापार गेले. मॉरिशस बेटांत उंसाच्या लागवडीसाठीं १८३४ पासून करारानें मजूर जाऊं लागले. मुंबई बंदरांतून गेले त्यांत रत्नागिरीकडचे व घांटावरचे मराठी लोक होते. कराराच्या इंग्रजी नांवावरून ‘गिरमिट’ शब्द झाला. हे लोक द्विज नव्हते म्हणून कलिवर्ज्य त्यांस लागूच नव्हतें, असें शास्त्री म्हणतील. त्यांच्या जातपंचायतींनीं काय म्हटलें तें कागदावर उतरलें नाहीं. मात्र तिकडे उतरल्यावर प्रत्येकास एक क्रमांक मिळाला, आणि नोंदवहींत नांव, बापाचें नांव, जात, गांव, जिल्हा, उंची व अंगावरील खूण हें सर्व लिहिलें गेलें. पुढें छायाचित्रेंही घेतलीं गेलीं. हें दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलें आहे. ज्या धक्क्यावर हे लोक उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. आज त्यांचे वंशज घरीं क्रियोल बोलतात, तरी गणेशचतुर्थी पाळतात, आणि कोंकणांतील जाखडी तेथें ‘झाकरी’ नांवानें नाचतात. त्यांचा संग्रह करावा कीं न करावा असा ठराव इकडे कोणी केला नाहीं. तसा प्रश्नही कोणास सुचला नाहीं.

जातीकडून हा अधिकार आतां पुन्हां राज्याकडे आला आहे, एवढें जातां जातां नमूद करतों. परदेशचें नागरिकत्व घेतलेल्यास भारताचें नागरिकत्व ठेवतां येत नाहीं. इ. स. २००५ पासून अशा मूळ भारतीयांस जी विदेशस्थ नागरिकाची पत्रिका मिळते, तिनें देशांत येण्याराहण्यास मोकळीक होते, परंतु मतदान करतां येत नाहीं कीं शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शुद्ध झाला, पण पंगतींत नाहीं, या जुन्या निर्णयाची धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथें आठवण झाल्यास नवल नाहीं.

राहतां राहिली वाचकांस विनंति. निबंधग्रंथांच्या पोथ्या पुष्कळ जमल्या आहेत व त्यांचे पाठ छापले गेले आहेत. या विषयास उजेड मिळावयाचा तो शुद्धिपत्रें, दोषपत्रें, महजर, शंकराचार्यांच्या मठांकडील आज्ञापत्रें व ग्रामण्यांचे कागद यांतून. घरगुती दप्तरांत हे कागद बहुधा क्षौर, दक्षिणा, पंचगव्य यांच्या खर्चाच्या यादींत गुरफटलेले असतात व निरुपयोगी म्हणून बाजूस पडतात. यादींत ‘सभासंभावना’ किंवा ‘प्रायश्चित्ताकरितां’ असें कलम दिसल्यास तो कागद टाकूं नये. मागचीं व पुढचीं पानें जोडून त्याची नक्कल करावी. बृहन्नारदीयाची जुनी पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं कलिवर्ज्यांच्या यादींतील समुद्रयात्रेच्या चरणाचा पाठ, पोथीचा शक व लेखकाचें गांव यांसह जसाचा तसा उतरून पाठवावा. मॉरिशसला गेलेल्या घराण्याची इकडची शाखा ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं गांवाचें नांव जुन्या उच्चाराप्रमाणें लिहावें, कारण तिकडच्या वहींत तें साहेबाच्या कानांस जसें ऐकूं आलें तसें उतरलें आहे.